पात्याविना

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं, कॉलेज सुरू होऊन पुरता आठवडाहि झाला नव्हता, तेव्हां एक जुना विद्यार्थी सायंकाळीं माझ्या घरीं आला. बारावीपर्यंत तो माझ्या इंग्रजीच्या वर्गांत होता. पुढें आय.टी.आय.मधून विजेच्या कामाचें प्रमाणपत्र घेऊन तो दोन वर्षें रेल्वेच्या भरतीची तयारी करीत होता. निर्मळच्या बाजूस त्याच्या वडिलांची केळीची लहानशी वाडी आहे. पण आजच्या काळीं वसईंत केवळ वाडीवर घर चालत नाहीं, हें इकडच्या माणसास सांगावयास नको. मुलानें लहानपणापासून एकच ध्यास घेतला होता. आगगाडीवर सहायक चालक म्हणून लागावयाचें, ज्यास हल्लीं असिस्टंट लोको पायलट म्हणतात. बढती मिळवीत मोटरमन व्हावयाचें. आणि एके दिवशीं विरारची जलद गाडी स्वतःच्या हातानें चर्चगेटला न्यावयाची. ज्या गाडीच्या दारांत उभें राहण्यापुरती जागा मिळाली तरी आम्ही धन्य मानतों, तिच्या अगदीं पुढच्या काचेमागें ज्याचें हक्काचें आसन आहे, त्या मनुष्याविषयीं या भागांतील मुलांस राजाइतका आदर वाटावा, यांत नवल नाहीं.

मुलास चष्मा होता. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेतीन. त्यानें पिशवींतून एक गुळगुळीत पत्रक काढून माझ्यापुढें ठेवलें. एका खासगी दवाखान्याचें तें होतें. पातें नाहीं, टाका नाहीं, वेदना नाहीं, असें त्यावर मोठ्या अक्षरांत छापलें होतें, आणि खालीं हप्त्यांनीं पैसे भरण्याची सोय सांगितली होती. पत्रकाबरोबर चार पानांचें इंग्रजी संमतिपत्र होतें.

"सर, एवढें वाचून बाबांना समजावून सांगा," तो म्हणाला. "आईच्या पाटल्या पतपेढींत ठेवायचें ठरलें आहे. बाबा एकच विचारतात, डोळ्याला सुरी लागणार का?"

"लागणार नाहीं, असें येथें लिहिलें आहे," मीं म्हटलें.

"तें मला ठाऊक आहे. तुम्हींच सांगितलें होतें ना, सर."

मला कांहीं आठवेना. तेव्हां त्यानें आठवण करून दिली. बारावीच्या वर्षीं वर्गाबाहेर त्यानें मला विचारलें होतें कीं, चष्मा असेल तर रेल्वे गाडी चालवूं देते का, आणि मीं पुढच्या तासाच्या घाईंत, चालतां चालतां, उत्तर दिलें होतें, "अरे, चष्म्याची काय काळजी करतोस? हल्लीं लेसरनें तो जातो. पातेंसुद्धां लावीत नाहींत." वर्गांत घोकून घोकून सांगितलेलें मुलें विसरतात आणि जिन्यांत बोललेलें ध्यानांत ठेवतात, हा शिक्षकाच्या धंद्यांतील जुना अनुभव आहे. माझ्या त्या एका वाक्याच्या पायावर या मुलानें दोन वर्षें उभारलीं होतीं. वाक्य किती खरें होतें तें तपासून पाहण्याचें काम आतां माझ्यावर आलें. संमतिपत्र मीं ठेवून घेतलें आणि त्यास आठ दिवसांनीं यावयास सांगितलें.

त्या आठ दिवसांत जें वाचलें व विचारलें, त्याची सुरुवात त्या पात्यापासूनच करतों. डोळ्याच्या दर्शनी भागीं, बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखें एक पारदर्शक पटल असतें. शास्त्रीय मराठींत त्यास स्वच्छमंडल म्हणतात. दवाखान्यांत मात्र सर्वत्र कॉर्निया हाच शब्द चालतो, म्हणून मीहि तोच वापरतों. डोळ्यांत शिरणारा प्रकाश वळविण्याचें सुमारें दोन-तृतीयांश काम हा कॉर्निया करतो. उरलेलें आंतील भिंग करतें. ज्यास दूरचें दिसत नाहीं, त्याचा डोळा बहुधा लांबीनें अंमळ वाढलेला असतो, आणि त्यामुळें दूरच्या वस्तूचें चित्र मागच्या पडद्यावर न पडतां त्याच्या अलीकडेच पडतें. चष्म्याचें अंतर्गोल भिंग तें चित्र मागें सारतें. कॉर्निया मधोमध थोडा सपाट केला तरी परिणाम तोच होतो. म्हणजे चष्म्याचा नंबर काचेवर न घासतां डोळ्यावरच घासावयाचा, असा हा सारा उद्योग आहे.

हा उद्योग प्रथम पात्यानेंच झाला. जपानांत सातो या शल्यवैद्यानें 1939 पासून कॉर्नियाच्या आंतल्या बाजूस बारीक छेद घेऊन तो सपाट करण्याचा प्रयोग केला. आरंभीं फळ चांगलें दिसलें. परंतु कॉर्निया पारदर्शक ठेवणारा पेशींचा थर आंतल्या अंगास असतो व तो पुन्हां उगवत नाहीं, हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. पुढें दहा-वीस वर्षांनीं त्यांतील पुष्कळ रोग्यांचे कॉर्निया धुरकट झाले. होसे बाराकेर यांनीं 1949 च्या सुमारास दुसरी कल्पना मांडली: कॉर्नियाची वरची चकती कापून काढावी, ती गोठवून यंत्रावर घासून तिचा आकार बदलावा व पुन्हां जागेवर बसवावी. मॉस्कोंत फ्योदोरोव्ह यांनीं 1970 नंतरच्या दशकांत कॉर्नियाच्या बाहेरच्या बाजूनें, चाकाच्या आऱ्यांसारखे छेद घेण्याची पद्धति पुष्कळ चालविली.

लेसर या कामीं आला तो एका मेजवानीच्या उरलेल्या मांसामुळें. मद्रासला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेंत आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेंत काम करीत असत. 1981 च्या नोव्हेंबरांत, तेथील थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशीं, त्यांनीं घरची उरलेली टर्की प्रयोगशाळेंत आणली आणि तिच्यावर अतिनील किरणांचा एक्सायमर लेसर सोडून पाहिला. खांच स्वच्छ पडली. शेजारचा भाग भाजला नाहीं, करपला नाहीं. 1983 मध्यें नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांच्या सोबतीनें हाच किरण जनावरांच्या डोळ्यांवर वापरून पाहण्यांत आला. पुढें 2013 मध्यें श्रीनिवासन व त्यांचे सहकारी वायनी आणि ब्लम यांस अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्तें राष्ट्रीय पदक मिळालें.

या किरणानें कॉर्निया घासण्याची पहिली रीत अशी कीं, वरची नाजूक त्वचा दूर करावयाची व उघड्या पृष्ठभागावरच लेसर चालवावयाचा. हिला पी.आर.के. म्हणतात. हिच्यांत पापुद्रा कापावा लागत नाहीं; पण त्वचा पुन्हां भरून येईपर्यंत तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो. दुसरी रीत लॅसिकची. हिच्यांत आधीं कॉर्नियाचा एक पातळ पापुद्रा बिजागरीसारखा एका कडेस जोडलेला ठेवून उचलतात, खालच्या भागावर लेसर चालवितात, आणि पापुद्रा परत मिटतात. हा पापुद्रा पूर्वीं एका यंत्राच्या धांवत्या पात्यानें कापीत असत. तें पातें ज्यानें घालविलें, तो फेम्टोसेकंद लेसर. एका सेकंदाचे दहा लक्ष भाग करावे, त्यांतील एकाचे पुन्हां शंभर कोटी भाग करावे, म्हणजे एक फेम्टोसेकंद होतो. इतक्या अल्प काळाचे प्रखर किरण निर्माण करण्याची युक्ति डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मुरू यांनीं 1985 मध्यें काढली व त्याबद्दल त्यांस 2018 चें नोबेल पारितोषिक मिळालें. मिशिगन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत असला किरण चुकून एका विद्यार्थ्याच्या डोळ्यांत गेला; त्याच्या पडद्यावरची जखम विलक्षण नेटकी असल्याचें तपासणाऱ्या डॉक्टरच्या ध्यानांत आलें, आणि त्यांतून हें नवें हत्यार नेत्रवैद्यांच्या हातीं पडलें. आतां याच किरणानें कॉर्नियाच्या आंतल्या आंत भिंगाच्या आकाराचा एक तुकडा मोकळा करून तो दोन-चार मिलिमीटरच्या छिद्रांतून ओढून काढण्याची तिसरी रीतहि रूढ झाली आहे. तिचें नांव स्माइल. अमेरिकेंत तिला 2016 मध्यें मान्यता मिळाली.

एवढें समजल्यावर पत्रकांतील शब्दाचें मोल कळलें. पातें गेलें, हें खोटें नव्हे. पण कापणें गेलेलें नाहीं. पोलादाच्या जागीं प्रकाश आला आहे इतकेंच. पापुद्र्याची जाडी अधिक सारखी येते, तो वेडावांकडा कापला जाण्याचे प्रसंग कमी होतात, हा लाभ खरा. मात्र निष्णात हातीं पात्यानें केलेल्या आणि पात्याविना केलेल्या लॅसिकनंतर माणसास दिसतें तें बहुधा सारखेंच. सुरीचें भय मनुष्याच्या मनांत फार जुनें असल्यामुळें जाहिरात त्याच एका भयास उत्तर देते, आणि तें उत्तर मिळतांच आपण पुढचें विचारावयाचें विसरतों. मुलाच्या वडिलांनीं जें विचारलें होतें, तेंच मींहि तीन वर्षांपूर्वीं विचारल्याशिवाय उत्तरून टाकलें होतें.

पुढचा विचार साध्या वजाबाकीनें सुरू होतो. कॉर्नियाची मधली जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर, म्हणजे 500 ते 550 मायक्रॉनच्या आसपास असते. नेहमींच्या आकाराचा भाग घासावयाचा म्हटल्यास एका नंबरामागें सुमारें 12 मायक्रॉन खर्चीं पडतात. साडेतीन नंबरास 42 झाले. पापुद्रा 110 मायक्रॉनचा धरला, तर तो जागेवर बसतो खरा, पण पूर्वींचें बळ त्यास पुन्हां येत नाहीं. म्हणून तोहि हिशेबांतून वजा करावा लागतो. खालीं निदान 250, आणि शक्य तर 300 मायक्रॉन शिल्लक राहावे, असें डॉक्टर मानतात. चष्मा फुटला तर नवा मिळतो. घासलेला कॉर्निया पुन्हां भरून येत नाहीं. या वजाबाकीस हातचा नाहीं.

शिल्लक पुरेशी असली तरी भिंत मुळांत भक्कम आहे कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच. कांहीं डोळ्यांत कॉर्निया तरुणपणीं हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढें येऊं लागतो. या विकारास केराटोकोनस म्हणतात. आरंभीं तो साध्या तपासणींत दिसत नाहीं. नंबर वारंवार बदलतो एवढीच त्याची खूण. असल्या डोळ्यावर लेसर चालविला, तर आधींच कच्ची असलेली भिंत आणखी खचते. हें कोठें तरी परदेशीं घडणारें नाहीं. महाराष्ट्राच्याच ग्रामीण भागांत, नागपूरकडे, झालेल्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष 2009 मध्यें प्रसिद्ध झाला. तींत तीस वर्षांवरील चार हजारांहून अधिक माणसें तपासलीं होतीं, आणि केवळ वक्रतेच्या मापावरून पाहतां शंभरांत दोहोंहून कांहींसे अधिक लोक या विकाराच्या रेषेपलीकडे आढळले. डोळे चोळण्याच्या संवयीचा या विकाराशीं निकटचा संबंध दिसून आला आहे. पावसाळा संपतांच आमच्याकडील रस्त्यांवर जी धूळ उडते, तींत डोळे न चोळणारा मुलगा विरळा. म्हणून कॉर्नियाचा पुढचा व मागचा नकाशा काढल्यावांचून, आणि तो जाणत्या डॉक्टरानें पाहिल्यावांचून, या वाटेस जाऊं नये. तपासणीपूर्वीं कॉन्टॅक्ट लेन्स कांहीं दिवस, आणि त्या कडक असतील तर कांहीं आठवडे, बंद ठेवाव्या लागतात. नाहीं तर त्यांच्या दाबानें नकाशाच खोटा येतो. नंबर निदान एक वर्ष स्थिर असावा. वय अठराच्या वर, आणि विशीनंतर तर अधिक बरें. डोळे मूळचेच कोरडे असतील, संधिवातासारखा शरीरानें स्वतःशींच मांडलेला विकार असेल, किंवा स्त्री गरोदर असेल, तर थांबावें. चांगला नेत्रवैद्य ओळखावयाचा तो किती जणांस त्यानें नाहीं म्हटलें यावरून, असें आतां माझें मत झालें आहे.

या सर्वांचा अर्थ ही शस्त्रक्रिया वाईट असा कोणी करूं नये. माझ्या एका पुतणीनें सव्विसाव्या वर्षीं ती करून घेतली. पांच नंबरचा चष्मा होता. रुग्णालयांत रात्रपाळी करतांना काचेवर वाफ धरे, नाकावर वळ पडत. भुलीचे थेंब घालून डोळा एका कड्यानें दाबून धरला तेव्हां क्षणभर अंधारून आलें, लेसर चालूं झाल्यावर जळकट वास आला, आणि विचारीपर्यंत सारें संपलें, असें ती सांगते. दुसऱ्या दिवशीं अंथरुणांतून तिला छतावरच्या पंख्याचीं पातीं वेगवेगळीं दिसलीं, आणि ती रडली. पुढें कांहीं महिने डोळे कोरडे पडत, थेंब घालावे लागत. रात्रीं रस्त्याच्या दिव्यांभोंवतीं खळें दिसे, तेंहि हळूहळू कमी झालें. आज ती समाधानी आहे, आणि तिचें समाधान खोटें ठरविण्याचा मला अधिकार नाहीं.

पण या शस्त्रक्रियेनें जें मिळत नाहीं, तेंहि सांगितलें पाहिजे. लांबलेला डोळा लांबच राहतो. मोठ्या नंबराच्या माणसास मागचा पडदा फाटण्याचा किंवा सुटण्याचा जो अधिक धोका असतो, तो चष्म्याबरोबर जात नाहीं. पडद्याची तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. दुसरें असें कीं, आपल्या भाषेनें ज्या चष्म्यास चाळिशी हें नांव वयावरूनच दिलें, तो या शस्त्रक्रियेनें टळत नाहीं, कारण त्याचें मूळ कॉर्नियांत नसून ताठ होत जाणाऱ्या आंतल्या भिंगांत आहे. मला दहाव्या वर्षापासून चष्मा आहे. माझ्या बरोबरीचे मित्र आज पुस्तक हातभर लांब धरतात, आणि मी मात्र रात्रीं चष्मा उशाशीं काढून ठेवतों व बारीकांतला बारीक टाइप उघड्या डोळ्यांनीं वाचतों. तिशींत मीं शस्त्रक्रिया करून घेतली असती, तर हें सुख आज मला चष्मा लावून विकत घ्यावें लागलें असतें. आणि तिसरें: शस्त्रक्रियेपूर्वींच्या मापांचे कागद जन्मभर सांभाळावे. उतारवयांत मोतीबिंदू होतोच. तेव्हां डोळ्यांत बसवावयाच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात, आणि घासलेला कॉर्निया त्या हिशेबास फसवितो. जुने कागद हातीं असले म्हणजे डॉक्टरांस वाट सांपडते.

आठ दिवसांनीं मुलगा आला तेव्हां मीं त्यास हें सारें सांगितलें आणि पत्रकाच्या दवाखान्याऐवजीं मुंबईच्या एका जुन्या नेत्ररुग्णालयांत तपासणीस नेलें. वडिलांस वाडीवरून निघतां येईना, म्हणून मी बरोबर गेलों. सारी दुपार यंत्रांपुढें गेली. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, मितभाषी. त्यांनीं नकाशे पाहिले. जाडी 530, दोन्ही बाजू सारख्या, पडदा चांगला, अश्रु पुरेसे. मीं मनांतल्या मनांत वजाबाकी केली: 378 उरत होते. माझ्या वाक्यास माफी मिळाली असें वाटून मी सैल बसलों.

तेव्हां बाईंनीं मुलास विचारलें, "डोळे ठीक आहेत. पण हें कशासाठीं करून घेतोस?"

"रेल्वेंत असिस्टंट लोको पायलटसाठीं," तो म्हणाला.

बाईंनीं हातांतला कागद खालीं ठेवला. "भरतीची सूचना पुरी वाचलीस का, बाळ?"

त्याच्या फोनमध्यें सूचना होती. कित्येक पानांची, इंग्रजी. बाईंनीं ती उघडून वैद्यकीय अटींपर्यंत आणली आणि फोन माझ्या हातीं दिला. चालकाच्या जागेस ए-1 ही सर्वांत कठोर पायरी लागते: दोन्ही डोळ्यांनीं चष्म्याशिवाय पूर्ण दृष्टि. आणि त्याच प्रकरणांत स्पष्ट शब्दांत लिहिलें होतें कीं, ज्यानें लॅसिक किंवा नंबर घालविण्याची दुसरी कोणतीहि शस्त्रक्रिया करून घेतली आहे, तो या जागेस अपात्र आहे. सैन्यदलांच्या कांहीं शाखांत वय, डोळ्याची लांबी आणि शस्त्रक्रियेनंतर गेलेला काळ यांच्या अटींवर ती चालते. येथें चालत नाहीं. रात्रीं सिग्नलच्या दिव्याभोंवतीं कांहीं जणांस दिसणारें तें खळें आठवलें, तर या कठोरपणाचा अर्थ लागतो. गाडीमागें हजारों माणसें उभीं असतात.

हीच सूचना भरतीचा अर्ज लिहितांना त्यानें मला दाखविली होती. मीं त्याचे स्पेलिंग तपासले होते. वैद्यकीय अटींचें पान मीं उलटलें होतें, कारण त्याचें उत्तर मला आधींच ठाऊक होतें.

म्हणजे चष्म्यासह ती जागा नाहीं, आणि चष्मा घालविला तरी नाहीं. मुलगा कांहीं बोलला नाहीं. बाईंनींच सांगितलें कीं, रेल्वेच्या तंत्रज्ञांच्या कांहीं जागांस चष्मा चालतो, नंबराची मर्यादा तेवढी असते. ती वाचून पाहा. "आणि शस्त्रक्रिया पुढें कधींहि करतां येईल," त्या म्हणाल्या. "केलेली परत घेतां येणार नाहीं."

परतींच्या गाडींत आम्ही दारापाशीं उभे होतों. भाईंदर मागें पडलें आणि गाडी खाडीच्या पुलावर आली, तेव्हां समोरून चर्चगेटकडे जाणारी गाडी आली. त्या क्षणीं त्यानें चष्मा काढला आणि सदऱ्यास पुसूं लागला. चष्मा पुन्हां डोळ्यांवर चढेपर्यंत ती गाडी निघून गेली होती.

"सर, मग दोन वर्षें?" त्यानें विचारलें.

मजपाशीं उत्तर नव्हतें. "चूक माझी आहे," एवढेंच मीं म्हटलें. त्यानें मान हलविली. होय म्हणून कीं नाहीं म्हणून, तें मला कळलें नाहीं.

वडिलांस सांगावयास मी त्याच्या घरीं गेलों. ओटीवर उतरविलेल्या केळ्यांचे लोंगर रचून ठेवले होते. मीं सर्व हकीकत सांगितली. माझें जिन्यांतलें वाक्यहि लपविलें नाहीं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लोंगर कापायच्या आधीं आम्ही गिऱ्हाईक ठरवतों, सर. कापलेला पुन्हां झाडाला लागत नाहीं." आंतून मुलाच्या आईनें चहा आणला. तिच्या हातांत पाटल्या होत्या.

मुलानें पुढें तंत्रज्ञाच्या जागेचा अर्ज केला, आणि तो मला न दाखवितां केला. मला त्याचें वाईट वाटलें नाहीं. या वेळीं त्यानें प्रत्येक पान स्वतः वाचलें असेल. परीक्षेचा निकाल अजून लागावयाचा आहे. विरारच्या कारशेडमध्यें जागा मिळावी अशी त्याची इच्छा असल्याचें दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून कळलें. गाडी चालवितां आली नाहीं तरी तिला हात लावतां येईल.

शस्त्रक्रिया करून घेऊं इच्छिणाऱ्या तरुणास आज मला कोणी काय सांगावें असें विचारलें, तर कॉर्नियाची जाडी, नकाशा, नंबराची स्थिरता, कोरडेपणा, चाळिशी आणि जुने कागद हें सारें मी सांगेन. पात्याविषयीं शेवटीं सांगेन. पण त्याहून आधीं त्या डॉक्टरबाईंचा प्रश्न विचारीन. जिन्यांत कोणी विद्यार्थी थांबवून डोळ्याचें, नोकरीचें, कर्जाचें कांहीं विचारूं लागला, तर हल्लीं मी चालतां चालतां उत्तर देत नाहीं. तास थोडा उशिरानें सुरू झाला तरी चालतो. त्यास बांकावर बसवितों, मीहि बसतों, आणि विचारतों, "कशासाठीं?"